बेळगावहून कावळेसाद: दरी दिसेल असा बेत कसा आखायचा

जुलै-ऑगस्टच्या सोमवारी आमच्या ऑफिसात एक संवाद ठरलेला असतो.

"काल कावळेसादला गेल्तो."
"मग? काय बघितलं?"
"धुकं."

कावळेसाद म्हणजे आंबोलीजवळचा, खोल दरीच्या काठावरचा कडा. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, घरातली पाच माणसं, पोरांना सर्दी, आणि बघितलं काय तर पांढरं. रेलिंगपासून चार हातांवर जग संपतं, त्यापुढे फक्त वाऱ्याचा आवाज. मी स्वतः पहिल्या दोन्ही खेपांना हेच करून आलोय. तिसऱ्या खेपेला दरी दिसली, तीही नशिबाने. त्यानंतर मात्र दिवस बघून जायला लागलो. लोकांचं बहुतेक दरवेळी त्याच चार-पाच ठिकाणी चुकतं, म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. मधलं एखादं पाऊल गाळलंत तर पुढच्याचा फारसा उपयोग होत नाही.

## टप्पा १ : नेमकं काय बघायचंय ते आधी ठरवा

कावळेसादला बघण्यासारख्या दोन गोष्टी आहेत आणि त्या एकाच दिवशी पूर्ण मिळणं कठीण. एक म्हणजे दरी: उभा कडा, खाली रान, पलीकडे एकामागे एक उतरत गेलेल्या कोकणाच्या डोंगररांगा. दुसरी म्हणजे उलटा पाऊस. सड्यावरून, म्हणजे कड्याच्या माथ्यावरच्या सपाट कातळावरून, ओहोळाचं पाणी खाली पडायला निघतं आणि वारा ते उचलून परत वर फेकतो. एकाच फेरीत दोन्ही बघायला निघालेला बहुतेकदा दोन्ही घालवून येतो.

जूनचा शेवट ते ऑगस्ट. उलटं पाणी बघायचे हे दिवस. पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून थेट येऊन कड्याला थडकतो. त्याला जायला दुसरी वाट नसते, म्हणून तो कड्यालगत वर चढतो आणि चढताना पाणी सोबत आणतो. हाच वारा ढगही वर आणतो. त्यामुळे या दिवसांत दरी दिसलीच तर दोन-पाच मिनिटांच्या फटींतून दिसते. आणखी एक: वारा पडला असेल तर पाणी गुमान खालीच पडतं. नुसता भरपूर पाऊस आहे म्हणून उलटा धबधबा दिसेल असं नाही.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर. मला विचाराल तर जायचं ते याच दिवसांत. रान अजून हिरवं असतं, ओहोळात थोडं पाणी असतं आणि ढग फुटलेले असतात. ऑक्टोबरात सकाळी दरीत धुकं भरलेलं असतं. ऊन चढलं की ते वर सरकतं आणि विरतं. ते सरकताना बघायला मिळालं तर पेट्रोल वसूल.

डिसेंबर ते फेब्रुवारी. आकाश स्वच्छ, पण दुपारनंतर लांबच्या रांगा धुरकट होतात. पाणी नाही. आई-वडिलांना न्यायला मात्र हेच दिवस बरे.

मार्च ते मे. सडा करपलेला, दुपारी सावली नाही. मुद्दाम जाण्यात अर्थ नाही. सावंतवाडीला जाता-येता थांबायचं असेल तर गोष्ट वेगळी.

> तपासा: बरोबर येणाऱ्यांना विचारा, "दरी बघायची की भिजायचं?" उत्तरं दोन आली तर दोन फेऱ्या करा. एकाच फेरीत सगळ्यांना खूश करायला गेलात तर गाडीत परतीची वाट मुक्यानेच कापावी लागते.

## टप्पा २ : दिवस निवडा, पण हवामान बेळगावचं बघू नका

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. सकाळी उठायचं, टिळकवाडीच्या गच्चीवरून आभाळ बघायचं, "उघडलंय की" म्हणायचं आणि निघायचं. आंबोलीत वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. बेळगाव शहरात पडतो तो त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. इथल्या आभाळावरून तिथला अंदाज बांधता येत नाही.

फोनमधलं हवामानाचं ॲप तुम्ही बसलेल्या जागेचं हवामान दाखवतं. त्यात जागा बदलून 'आंबोली' टाका. हवामान खात्याचे इशारे बघताना जिल्हा बेळगाव नव्हे, सिंधुदुर्ग निवडा. कावळेसाद गेळे गावाच्या हद्दीत, सावंतवाडी तालुक्यात येतं. वाट चंदगड तालुक्यातून जाते, म्हणून कोल्हापूर जिल्ह्याचा इशाराही बघून ठेवा. दोन राज्यं, तीन जिल्हे.

मग पुढच्या क्रमाने बघा:

1. इशारा. सिंधुदुर्गाला रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर बेत तिथेच रद्द. अशा वेळी पर्यटनस्थळांवर बंदीही घातली जाते, मग पोलीस परत पाठवतात.
2. खालचे ढग. विंडीसारख्या ॲपमध्ये ढगांचे थर वेगवेगळे दाखवतात. त्यातला खालचा थर बघा. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे, म्हणजे खालचे ढग तिथे डोक्यावर नसतात, तोंडावर असतात. हा थर दाट दाखवत असेल तर दरी विसरा.
3. वारा. उलटं पाणी बघायचं असेल तर वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा आणि जोराचा हवा. पूर्वेचा वारा या कामाचा नाही.
4. वार. शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्टच्या आसपासचे दिवस टाळता आले तर टाळा. दुकान सांभाळणाऱ्यांना साप्ताहिक सुट्टीचा दिवस सापडतो, नोकरदारांनी एक रजा टाकावी. मंगळवारचं कावळेसाद आणि रविवारचं कावळेसाद या दोन वेगळ्या जागा आहेत.

अंदाज आदल्या रात्री एकदा आणि निघताना एकदा बघायचा. आठवडाभर आधी बघून ठरवलेला दिवस म्हणजे लॉटरी.

> सावधान: "एवढं ठरवलंय, डबे झालेत, आता जाऊयाच" हे वाक्य घरात ऐकू आलं की गाडी वैजनाथाच्या देवळाकडे वळवा. ते वाटेतल्या शिनोळीजवळच, देवरवाडीला आहे. डबे तिथेही संपतात.

## टप्पा ३ : गाडी आणि कागद

शनिवार-रविवारी आंबोलीच्या आसपास तपासणी असते आणि 'केए' पाटी लांबून ओळखू येते. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी जवळ ठेवा. डिजिलॉकरमध्ये असतील तर ते घरीच उघडून बघा, कारण पुढे नेटवर्क मिळेल याचा भरवसा नाही. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पीयूसीवर. वर्षभर कुणी बघत नाही आणि नेमका त्या दिवशी तो संपलेला निघतो.

भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरला आदल्या दिवशीच विचारा: महाराष्ट्राचं परमिट आहे का? यलो बोर्डच्या गाडीला ते लागतं. त्याचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, हेही तेव्हाच ठरवा. सीमेवर उभं राहून भाव ठरवायला गेलात तर तुमचंच नुकसान.

टाकी बेळगावातच भरून घ्या. वाटेत पंप आहेत, पण शेवटच्या टप्प्यात विरळ होतात.

एसटीने जायचं असेल तर बेळगावच्या मध्यवर्ती बस स्थानकावरून आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात, कर्नाटकच्याही आणि महाराष्ट्राच्याही. आंबोलीत उतरायचं आणि तिथून रिक्षा करायची. रिक्षा जाण्या-येण्याची ठरवा, थांबण्याचा वेळ धरून. नुसतं जाण्याचं भाडं देऊन रिक्षा सोडू नका. घरातल्या बायकांसाठी एक गोष्ट: २०२३ पासून कर्नाटकात सुरू झालेला महिलांचा मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपुरता आहे. आंबोलीपर्यंत फुकट जाता येईल असं समजून आधार कार्ड हातात धरून बसू नका, तिकीट काढावं लागतं.

> सावधान: दारू. परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडून बाटल्या नेणं गुन्हा आहे, आणि कड्यावर पिऊन उभं राहणं त्याहून वाईट. गाडीत कुणी "थोडीच हाय" म्हणाला तर त्याला हिंडलग्याला उतरवा.

## टप्पा ४ : काय न्यायचं, काय घरी ठेवायचं

छत्री घरी ठेवा. हे वाचून हसाल, पण पावसाळ्यात तिथे छत्री उघडणं ही चूक रोज शंभर लोक करतात. वारा खालून येतो. छत्री उलटी होते, ती ठीक. पण उलटी होण्याआधी क्षणभर ती तुम्हाला ओढते, आणि तुम्ही कुठे उभे आहात हे लक्षात घ्या. रेनकोट न्या, पँटसकट. नुसता वरचा कोट घातला तर पाणी खालून आत शिरतं. तिथे पाऊस हनुवटीला लागतो, डोक्याला नंतर.

चप्पल, फ्लोटर आणि गुळगुळीत तळाचे बूट चालत नाहीत. सडा जांभ्याचा आहे. कोरडा असताना जांभा खरखरीत, पाय घट्ट धरणारा. चार महिने भिजला की त्यावर शेवाळ धरतं. हिरवं शेवाळ दिसतं तरी. काळं पडलेलं दिसत नाही, नुसता ओला दगडच वाटतो, आणि पाय जातो तो त्याच्यावरून. खोल नक्षीचे बूट घाला. नवे घ्यायला नकोत, शेतात वापरायचे रबरी तळाचे असले तरी काम होतं.

बाकीचं:

- प्रत्येकाचा कोरड्या कपड्यांचा एक जोड, प्लास्टिक पिशवीत बांधून गाडीत. टॉवेल दोन.
- फोनसाठी झिपची पिशवी, आणि लेन्स पुसायला मऊ सुती कापड. कापड तीन-चार घ्या, पहिलं दोन मिनिटांत ओलं होतं.
- मीठ किंवा हळद, जळवांसाठी. गवतातून चालायचं असेल तरच.
- सुट्टे पैसे. पार्किंग, पावती, चहा.
- डबा. आमच्याकडे भाकरी, सुकी भाजी आणि दह्यातली चटणी असते. डबा गाडीतच खायचा. हातात पिशवी दिसली की माकडं येतात, आणि माकड अंगावर आलं की माणूस मागे सरकतो. कड्यावर मागे सरकायचं नसतं.
- कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. ती भरून बेळगावात आणायची.

## टप्पा ५ : निघणं आणि वाटेतला क्रम

बेळगावहून हिंडलगा, सुळगा, बाची, पुढे शिनोळीला महाराष्ट्र लागतो. मग पाटणे फाटा, चंदगडच्या बाजूने कानूर आणि आंबोली. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, वेळ दोन तास धरा. पावसाळ्यात वर अर्धा तास.

बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला घाट चढायचा आहे. तसं काही नाही. बेळगाव आंबोलीपेक्षा थोडं उंचच आहे, साधारण ७५० मीटर. आपण पठारावरून पठारावर जातो आणि कड्याच्या काठावर पोचतो. आंबोली घाट पुढे, सावंतवाडीकडे उतरताना लागतो. मोठा धबधबाही तिकडेच, घाटरस्त्याला लागून.

यातूनच दुसरी मोठी चूक होते. लोक आधी घाटात उतरून धबधब्यावर जातात. "पोरं भिजूदेत, मग कावळेसादला जाऊ." रविवारी त्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, एकदा अडकलात की दोन तास गेले. भिजलेली पोरं कुडकुडतात, भूक लागते, आणि कावळेसादला पोचेपर्यंत उजेड संपलेला. क्रम उलटा करा: आधी कावळेसाद, मग जेवण, मग वेळ उरला तर धबधबा. कोरड्या कपड्यांत दरी बघा, भिजणं शेवटी ठेवा.

निघायची वेळ मोसमावर आहे. सप्टेंबर-नोव्हेंबरात सकाळी सहाला निघा. आठ-साडेआठला पोचता, धुकं दरीत असतं, आणि दहा-साडेदहापर्यंत ते उठताना बघता येतं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे असतो, म्हणून कड्याची सावली त्याच्याच पायथ्यावर पडते आणि दरीचा तळ काळसर दिसतो. दहाच्या पुढे उजेड तळापर्यंत उतरायला लागतो. कड्याच्या भिंतींचा रंग बघायचा तर दुपारी चार नंतर, पण त्यात परतीला अंधार होतो. मी सकाळच निवडतो.

भर पावसाळ्यात सकाळ-दुपारचा फारसा फरक पडत नाही. गर्दीच्या आधी पोचायचं एवढंच.

> तपासा: नकाशा घरीच ऑफलाइन उतरवून घ्या. चंदगड सोडल्यावर नेटवर्क येतं-जातं. गेळ्याकडे जाणारा फाटा धुक्यात सहज चुकतो. शंका आली तर थांबून टपरीवर विचारा. शेवटचं स्वच्छतागृह आंबोलीतल्या हॉटेलात गाठा, तेही चहा घेऊन, फुकटात नव्हे.

## टप्पा ६ : कड्यावरची पहिली दहा मिनिटं

गाडी लावल्या-लावल्या पोरं धावत सुटतात. त्यांना गाडीतच थांबवा. आधी एक मोठा माणूस पुढे जाऊन बघून येईल: रेलिंग कुठून कुठपर्यंत आहे, ओहोळाला पाणी किती आहे, वारा कुठून येतोय. हे झालं की पोरं उतरवायची, प्रत्येकाचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात. दोन मोठे आणि चार पोरं असं गणित असेल तर दोन खेपा करा.

रेलिंगची पाइप पावसाळ्यात इतकी गार असते की हात काढून घ्यावासा वाटतो. थेंब तिच्यावरून खाली ओघळत नाहीत, वाऱ्याने आडवे पळतात. तिला धरून उभं राहायचं, टेकायचं नाही. वर बसायचं तर नाहीच. आणि ओलांडायची नाही, "फक्त एक फोटो" साठीही नाही. या कड्यावरून माणसं पडली आहेत आणि खालून त्यांना वर आणताना बचाव पथकांची काय दशा झाली ते पेपरात वाचलंय आपण सगळ्यांनी.

ज्या ओहोळाचं पाणी उलटं उडतं, त्यात उतरून कड्याच्या तोंडापर्यंत जायचा मोह होतो. पाणी घोट्याइतकंच असतं, म्हणून भीती वाटत नाही. पण वर सड्यावर एक सर जोरात आली की ते घोट्याचं गुडघ्यावर यायला वेळ लागत नाही, आणि पायाखाली तेच काळं शेवाळ. ओहोळ लांबूनच बघा. उलटं पाणी बाजूने जास्त चांगलं दिसतं, हे खरंच सांगतो. त्यात उभं राहिलात तर डोळेच उघडत नाहीत.

> सावधान: दाट धुक्यात रेलिंग नसलेल्या बाजूला एक पाऊलही टाकू नका. गवत सपाट दिसतं आणि कडेला नुसतंच बाहेर आलेलं असतं, खाली माती नसते. कुणी दिसेनासं झालं तर शोधायला धावू नका. जागेवर थांबून हाका मारा. गरज पडली तर ११२, दोन्ही राज्यांत चालतो.

## टप्पा ७ : थांबा

पोचलो, पांढरं दिसलं, दोन सेल्फी घेतले, निघालो. दहा मिनिटांत. तिसरी मोठी चूक ही.

धुकं सारखं नसतं, लाटांनी येतं. नीट बघाल तर त्याचा रंग बदलतो. राखाडी असेल तर मागे आणखी ढग आहे. पांढरं होऊन डोळ्याला चमकायला लागलं की समजा थर पातळ झालाय. मग आधी पायाजवळची झुडपं स्पष्ट होतात, मग शेजारच्या कड्याची कड, आणि एकदम समोरचं सगळं. ते दोन मिनिटं राहतं. त्या दोन मिनिटांत फोन पिशवीतून काढत बसलात तर गेलं.

म्हणून किमान पाऊण तास हातात ठेवा. एकाने रेलिंगपाशी उभं राहायचं, बाकीचे टपरीवर चहा-कणीस घेत बसायचे, दिसायला लागलं की हाक. आमच्या घरात हे काम आईकडे असतं. तिला थंडी वाजत नाही आणि तिची हाक सड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते.

फोटोसाठी वाऱ्याकडे पाठ करा, लेन्स पुसा, वळा, काढा, परत पाठ. उलट्या पाण्याचा फोटो जवळजवळ कधीच नीट येत नाही, व्हिडिओ काढा. आणि फोटो-व्हिडिओ काढताना चालायचं नाही. फोन डोळ्यासमोर असेल तर पाय थांबलेले हवेत.

पाऊण तासात काहीच उघडलं नाही आणि धुकं राखाडीच राहिलं, तर निघा. तासभर आणखी भिजून उपयोग नसतो.

## टप्पा ८ : उरलेला वेळ आणि परत येणं

दरी दिसली नाही तर दिवस वाया गेला असं नाही. धुक्यातही बघता येणाऱ्या दोन जागा जवळ आहेत. नांगरतास धबधबा अरुंद, खोल चिरेत पडतो आणि वरून बघायचा असतो. दुसरं हिरण्यकेशी. तिथे गुहेतून पाणी येतं आणि नदी सुरू होते. हीच नदी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभा गोकाकला कड्यावरून उडी मारते. पोरांना गोकाकचा धबधबा दाखवून आणला असाल तर त्याचं पाणी इथे गुडघाभर बघून त्यांना मजा वाटते. तिथल्या पाण्यात साबण, शाम्पू, उष्टं काही टाकू नका. आंबोलीच्या या झऱ्यातल्या माशाची जात २०२० मध्ये नव्याने नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

परतीला आंबोली दुपारी चारच्या आत सोडा, पावसाळ्यात तीनच्या. आंबोली-चंदगड पट्ट्यात संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात आणि चंदगड तालुक्यात हत्तीही फिरतात. गवा दिसला तर हॉर्न वाजवू नका, हेडलाइट खाली करा, लांब थांबा. एक गेला म्हणून लगेच गाडी काढू नका, मागे कळप असतो. धुक्यात दिवे हाय बीमवर टाकले तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. लो बीम ठेवा, डाव्या कडेच्या पट्टीवर नजर ठेवा. रस्त्याकडेला थांबायचं असेल तर गाडी पूर्ण बाहेर घ्या, नाहीतर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

गाडीत बसायच्या आधी सगळ्यांचे मोजे काढून बघा. जळू चावलेली कळत नाही, बुटात रक्त दिसतं तेव्हा कळतं. ओढून काढू नका, मीठ लावा, सुटते. ओले कपडे तिथेच बदला. "घरी जाऊन बदलू" म्हणत दोन तास भिजलेला बसलेला माणूस मंगळवारी ऑफिसला येत नाही.

घरी पोचल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि सकाळी एकदा बदला. चुलीपाशी किंवा उन्हात ठेवलेत तर तळ सुटतो, आणि पुढच्या खेपेला तोच बूट लागणार आहे.